वहीच्या कडेला लिहिलेलं ‘नंतर’

आमच्या पंतनगरात विमानं फार खालून जातात. घाटकोपर पूर्वेला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. धावपट्टीकडे उतरणारं विमान जवळजवळ डोक्यावरूनच जातं, पोटाखालची चाकं स्पष्ट दिसतात, आणि पावसाळ्यात तर एकामागून एक रांगच लागते. मी गेली पंधरा वर्षं घरी नववी-दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते. विमान आलं की मी वाक्य अर्धवट सोडते, मुलं पेन खाली ठेवतात, आवाज ओसरला की जिथे थांबलो तिथून पुढे. नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात याची सवय होते.

ही गोष्ट अशाच एका थांबण्यातली. गेल्या जुलैतला गुरुवार, संध्याकाळी साडेसातची बॅच. जिन्यात अकरा ओल्या छत्र्या, बाहेरच्या खोलीत सतरंजीवर अकरा मुलं, भूमितीतली समरूपता चाललेली. खोली एवढीशी, त्यामुळे प्रत्येकाची जागा वर्षभर ठरलेली असते आणि माझ्या मनात त्यांची नावंही जागेवरूनच पडतात. फ्रिजजवळचा, दाराशी बसणाऱ्या जुळ्या, खिडकीतली. विमान गेलं तेव्हा मी खिडकीतलीच्या मागे उभी होते. तिच्या वहीच्या समासात तिने एक काटकोन काढला होता, त्याच्या शेजारी उभी रेघ, पुढे आणखी काही रेघा आणि सगळ्यांत खाली एक छोटं वर्तुळ.

“हा काटकोन कुठून आला? गणितात तर नाहीये,” मी विचारलं.

ती गोरीमोरी झाली. “टीचर, तो काटकोन नाहीये. न आहे.”

कोरियन लिपीतला ‘न’. न म्हणताना जिभेचं टोक वर टेकतं आणि मागची जीभ खाली राहते, तो जिभेचा आकारच अक्षर म्हणून घेतलाय, असं तिने मला समजावलं. मी तिथल्या तिथे तोंडात न म्हणून पाहिला. खरंच की. पंधराव्या शतकातल्या कोरियाच्या राजा सेजोंगने ही लिपी तयार केली, सामान्य माणसाला चटकन लिहिता-वाचता यावं म्हणून. हे सगळं त्या मुलीने फोनवर बघून स्वतःचं स्वतः शिकलं होतं. माझ्याकडे प्रमेयाची सिद्धता पाठ व्हायला जिला तीन आठवडे लागले, तिने एक अख्खी लिपी सुट्टीत आत्मसात केली होती. मला रागवायचं सुचलंच नाही.

“आणि हा शब्द कुठला?”

“नाजुंग. म्हणजे नंतर.”

बॅच सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. तिने इअरफोनचा एक बोळा माझ्या कानात घातला, एक स्वतःच्या, आणि गाणं लावलं. बीटीएस या कोरियन गायक मुलांच्या गटाचं ‘एन.ओ’. बीटीएस हे नाव आमच्या सोसायटीतल्या मुलींच्या बॅगांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर मी रोज वाचत होते, पण गाणं असं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. आधी तंतुवाद्यांचे गंभीर सूर, मग ढोल अंगावर आल्यासारखा ठेका, आणि त्यावर भराभर बोलणारी मुलं. मला शब्द एक कळला नाही, पण सूर चांगलाच कळला. तो चिडलेल्या मुलाचा होता. ‘मी जेवणार नाही’ म्हणून ताट सरकवणाऱ्या मुलाचा असतो ना, तसा.

तिने भूमितीची वही उलटी केली. मागच्या बाजूने सुरू केलेली तिची दुसरी वही होती ती. एका पानावर कोरियन ओळी, समोरच्या पानावर तिने केलेलं मराठी.

मी ते घरी ठेवून घेतलं आणि रात्री भांडी आवरल्यावर वाचत बसले. गाणं सुरुवातीलाच विचारतं की चांगलं घर, चांगली गाडी, याला सुख म्हणायचं का. सोलमधल्या कॉलेजात लागलो, तेही ‘स्काय’मध्ये, तर आईबाबा खरंच सुखी होतील का? हे ‘स्काय’ म्हणजे तिथल्या तीन नावाजलेल्या विद्यापीठांची आद्याक्षरं: सोल नॅशनल, कोरिया आणि योन्से. पुढे येतं की शाळा, घर, नाहीतर गेमचा कॅफे, एवढ्यातच दिवस गोल गोल फिरतो. इथे तिने ‘उंदराचं चाक’ असं भाषांतर केलं होतं. मी दुसऱ्या दिवशी शेजारी पेन्सिलीने लिहून दिलं, ‘घाण्याचा बैल’. पहिला आलास तर माणूस, नाहीतर मागे पडलेला, आम्हाला अभ्यासाचं यंत्र कोणी केलं, असंही ती मुलं विचारतात. आणि एका ओळीत म्हणतात की विद्यार्थी हा स्वप्न आणि वास्तव यांच्या मधला दुहेरी हेर असतो. पुढून भूमिती आणि मागून कोरियन अशी ती वही माझ्या मांडीवरच होती.

मग ध्रुवपद. सगळ्यांनी नाही म्हणा. आता ‘नंतर’ या शब्दावर भागणार नाही. दुसऱ्याच्या स्वप्नात अडकून जगू नका.

नंतर. नाजुंग. समासातला तो शब्द इथला होता.

हे गाणं ११ सप्टेंबर २०१३ चं. बीटीएसचं पदार्पण त्याच वर्षी १३ जूनला झालं होतं. सात जणांतला सर्वांत धाकटा जंगकुक, त्याला सोळा पूर्ण होऊन दहाच दिवस झाले होते. म्होरक्या आरएम गाणं आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एकोणीस पूर्ण करणार होता. माझ्या सतरंजीवर बसणारी मुलं पंधरा-सोळाची असतात. ही मोठ्या माणसांनी मुलांच्या तोंडी घातलेली तक्रार वाटत नाही ती त्यामुळेच असेल. व्हिडिओत पांढरी खोली, पांढऱ्या गणवेशातली मुलं रांगेने बाकांवर, आणि त्यांना गोळ्या दिल्या जातात. औषधाच्या गोळ्या. सगळ्यांना सारखी, सगळ्यांनी गिळायची. अल्बमचं नाव आकडे-अक्षरं गुंफून केलंय, ते मोठ्याने वाचलं की इंग्रजीत ऐकू येतं, अरे, तुलाही उशीर झालाय का?

त्या पुढच्या गुरुवारी मी स्वतःवर लक्ष ठेवलं. दीड तासाच्या एका बॅचमध्ये मी ‘नंतर’ किंवा त्याचे भाऊबंद सात वेळा वापरले. ‘ते पुढे अकरावीत कळेल.’ ‘आत्ता नको, आधी हे पूर्ण करा.’ ‘एकदा मार्च जाऊ दे.’ ‘दहावी झाली की मग काय ते करा.’ फ्रिजजवळचा नेहमी विचारतो की टीचर, हे कुठे वापरतात, आणि त्याच्या वाट्याला सातांपैकी तीन आले.

कोरियाबद्दल मी मग बरंच वाचलं. तिथे बारावीच्या मुलांची विद्यापीठ प्रवेश परीक्षा, सुनुंग, नोव्हेंबरात एका गुरुवारी असते. आख्खा दिवस, एकच दिवस. त्या दिवशी कचेऱ्या आणि शेअर बाजार तासभर उशिरा उघडतात, मुलांना रस्ते मोकळे मिळावेत म्हणून. उशीर झालेल्या मुलाला पोलीस आपल्या गाडीतून केंद्रावर पोहोचवतात. आणि इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असते त्या पस्तीस मिनिटांत देशभर विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. पंतनगरात राहून हे वाचताना कसं वाटलं असेल याची कल्पना करा.

तिथल्या आया परीक्षेआधी देवळांत जाऊन प्रार्थना करतात. मुलाला ‘यॉत’ नावाची चिकट मिठाई देतात, यश चिकटून राहावं म्हणून. समुद्री शेवाळाचं सूप त्या दिवशी वर्ज्य, कारण ते निसरडं, त्यावरून घसरायला होतं. मला हे वाचून त्या बायका अगदी शेजारच्या वाटल्या. आपण दही-साखर हातावर ठेवतो, हॉलतिकीट सिद्धिविनायकाच्या पायाशी लावून आणतो, तेच ते. तिथे एक म्हण चालायची, चार तास झोपाल तर पास, पाच तास झोपाल तर नापास. शाळेनंतर रात्रीचा ‘स्वेच्छेचा’ अभ्यास शाळेतच, त्याउपर हागवॉन, म्हणजे खाजगी क्लास. सोलमध्ये क्लास रात्री दहाला बंद झालेच पाहिजेत असा नियम करावा लागला, यावरून काय ते समजा.

म्हणजे मी कोण? मी घाटकोपरची हागवॉन. गाणं ज्यांना विचारतंय त्यांच्यातली एक. हे मला टाळायचं नाही.

आणखी एक सापडलं. कोरियात अशी गाणी बीटीएसच्या आधीपासून आहेत. १९९४ साली सो ताइजी अँड बॉईज या गटाने शाळेवर एक गाणं केलं होतं. रोज सकाळी साडेसातपर्यंत आम्हाला छोट्या वर्गात कोंबतात आणि देशभरातल्या मुलांच्या डोक्यात एकच काहीतरी भरतात, असा त्याचा सूर. १९९४ मध्ये मी नववीतून दहावीत गेले होते.

मी खो-खो खेळायचे. चांगली खेळायचे, हे मी आज सेहेचाळिसाव्या वर्षी कुठलाही संकोच न करता सांगते. धावताना पाठलाग करणारीला खांबाजवळ नेऊन हूल द्यायची, ही माझी खासियत होती. आमच्या मैदानावर संध्याकाळी साडेपाचला सराव असायचा, पायांत काही नाही, टाचांना माती आणि गुडघ्याला कायम एक खपली. दहावीच्या जूनमध्ये बाबा म्हणाले, “एक वर्ष थांब. दहावी झाली की हवं तेवढं खेळ.” बाबा गिरणीतली नोकरी गेल्यावर दुकानात काम करत होते, आणि त्यांचा स्वर मला आजही ऐकू येतो. त्यात दरारा नव्हता, विनवणी होती. मी थांबले. दहावीला गुण चांगले पडले. निकालानंतर मैदानावर गेले तेव्हा माझ्या जागी दुसरी मुलगी उभी होती आणि ती माझ्यापेक्षा जलद होती. खेळ शिकवणाऱ्या बाईंनी मला ये म्हटलं, बस म्हटलं. मग अकरावी सुरू झाली, सकाळची लोकल, संध्याकाळी प्रॅक्टिकल. कोणी मला खेळ सोड असं सांगितलं नाही. फक्त ते ‘नंतर’ आलंच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार आपली प्रियंका इंगळे. मी तो सामना एकटीने बघितला. जिंकल्यावर मुली मैदानात धावत सुटल्या तेव्हा मी उठून उभी राहिले होते, आणि माझं मलाच कळलं की मी पंजांवर उभी आहे.

खिडकीतलीला नाचायचं होतं. चार मैत्रिणींचा गट, एका कव्हर डान्सच्या, म्हणजे गाण्यातला मूळ नाच हुबेहूब करायच्या, स्पर्धेत उतरायचं, त्यासाठी शनिवारी संध्याकाळी सराव. तिच्या आईने नाही म्हटलं होतं आणि तिच्या आईला तसं सांगायला मीच सांगितलं होतं. जूनमध्ये, फी भरायला आल्या तेव्हा. ‘आधी दहावी’ हे माझे शब्द.

ऑगस्टमध्ये मी त्यांच्या घरी गेले. तिची आई, आम्ही ताई म्हणतो, डबेवाल्यांसाठी पोळ्या करून देतात. पहाटे चारला उठून सव्वाशे पोळ्या, मग दुपारी दुसऱ्या दिवसाची कणीक चाळून ठेवायची. त्या चाळतच होत्या. मी शनिवारचा विषय काढला. त्या चाळणी थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या.

“टीचर, तुम्हीच म्हणाला होतात.”

“हो. माझं चुकलं.”

“मी गप्प बसेन हो. पण ती कॉलेजची यादी गप्प बसणार आहे का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म मी दरवर्षी पाच-सहा मुलांचा भरून देते. दहा पसंतीक्रम टाकायचे, मग यादीची वाट बघायची. अर्ध्या-पाऊण टक्क्याने पहिलं कॉलेज हुकलेली मुलं माझ्या याच सतरंजीवर रडलेली आहेत. त्या गाण्यातला आईबाबांचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त लागला तो म्हणूनच. आईबाबा सुखी होतील का? या बाईला सुख हवंय असं कुठे आहे, तिला फक्त मुलीने पहाटे चारला उठून पोळ्या लाटायला लागू नयेत एवढंच हवंय. गाण्यातल्या मुलांना हे दिसत नसेल असं मी म्हणणार नाही. दिसतं म्हणूनच ती एवढी चिडलेली आहेत. नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं, समोर आईच उभी असते, पिठाने हात भरलेले.

शेवटी आम्ही वेळ मोजली. शनिवारी पाच ते साडेसहा, दीड तास. मी शनिवारची बॅच साडेसहानंतर घेणार. ताई म्हणाल्या, “प्रिलिमपर्यंत. मग नाही.” मी हो म्हटलं. ‘प्रिलिमपर्यंत’ या शब्दात निदान एक तारीख होती.

तेव्हापासून आमच्या इमारतीच्या गच्चीवर चार मुली नाचतात. फोन पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उभा करून ठेवतात. मी कपडे काढायला गेले की थोडा वेळ थांबते. एकच आठ मोजांचा तुकडा त्या वीस-वीस वेळा करतात, एकीचा हात एवढासा मागे राहिला तरी परत पहिल्यापासून. पायथागोरसला एवढा वेळ मिळाला असता तर, असं आधी वाटायचं. आता वाटत नाही.

१३ नोव्हेंबर २०२५ ला कोरियात सुनुंग होती. तिथे दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी विमानं थांबतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी नऊ पस्तीस. मी भाजी फोडणीला टाकून गॅस बारीक केला आणि खिडकीशी उभी राहिले. पस्तीस मिनिटांत आमच्यावरून चौदा विमानं गेली. तिकडे त्या वेळी लाखो मुलं कानात प्राण आणून ऐकत असतील, बाहेर सगळा देश श्वास धरून. एवढी काळजी, एवढं प्रेम, आणि त्याच्याच खाली मान मोडून बसलेलं पोर. दोन्ही एकदम खरं आहे.

डिसेंबरात त्रिकोणमिती घेतली. उन्नत कोन आला आणि फ्रिजजवळच्याने तोंड उघडायच्या आतच मी म्हटलं, चला गच्चीवर. कोनमापकाच्या सपाट कडेला स्ट्रॉ चिकटवली, मध्यबिंदूतून दोरा, दोऱ्याला खोडरबर. समोरच्या इमारतीची टाकी मोजली, ती जमली. विमान मात्र हाती लागेना, दोरा स्थिरावेपर्यंत ते कुर्ल्याकडे गेलेलं. मग मी वाचून ठेवलेलं सांगितलं, की उतरणारं विमान साधारण तीन अंशांचा उतार धरून येतं. तीन अंशांचं टॅन ०.०५२४. धावपट्टी इथून साधारण तीन किलोमीटर धरा. फ्रिजजवळच्याने कठड्यावर वही ठेवून गुणाकार केला. १५७ मीटर.

“म्हणजे पन्नास मजली बिल्डिंग फक्त,” तो म्हणाला आणि वर बघत राहिला. अकराही जण वर बघत राहिले. पुढचं विमान आलं तेव्हा कोणी कान झाकले नाहीत.

आता जानेवारी निम्मा झाला. प्रिलिम संपली, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. खिडकीतलीला गणितात ठीक गुण आहेत, फार नाहीत. प्रिलिमनंतरच्या पहिल्या शनिवारी मुली गच्चीवर येतात का, हे बघायला मी वर गेले. आल्या होत्या. ताईही आल्या होत्या, टाकीला टेकून उभ्या, हातात पापडाचं रिकामं ताट. काही बोलल्या नाहीत, खाली जा असंही नाही.

फ्रिजजवळचा हल्ली शनिवारी उगाच लवकर येतो. ढगाळ संध्याकाळ होती, विमान दिसत नव्हतं, नुसताच आवाज येत होता. त्याने विचारलं, “टीचर, ढगात पायलटला तीन अंश कसे कळतात?”

खाली बॅचला दहा मिनिटं होती, सराव प्रश्नपत्रिका तपासायच्या बाकी होत्या. नेहमीचा शब्द आलाच होता, जिभेचं टोक वर टेकलंही होतं. तो काटकोन मला तोंडात जाणवला.

“बस इथे,” मी म्हटलं. “धावपट्टीजवळून दोन रेडिओ लहरी सोडतात. एक थोडी वरच्या बाजूला, एक थोडी खालच्या. आणि जिथे त्या दोन्ही सारख्याच जोराने पोहोचतात ना...”